गोधड्या विकायला निघालेल्या भाचीशी

बँकेच्या कर्ज विभागात काम करताना आणि निवृत्तीनंतर स्वयंरोजगाराच्या वर्गांत शिकवताना एक गोष्ट मी सतत पाहत आले. घरातून ऑनलाइन काही विकायला निघालेली बाई भांडवलाचा प्रश्न उशिरा विचारते. आधी विचारते, माझ्या पाठीशी कोण आहे? साताऱ्यात राहणारी माझी भाची हाताने शिवलेल्या गोधड्या विकायचं म्हणते आहे. आमचं जे बोलणं झालं ते इथे देते, कारण तिचे प्रश्न पुष्कळ जणींचे आहेत.

भाची : मावशी, माल चांगला आहे याची मला खात्री आहे. आईच्या गावच्या तिघी जणी शिवतात. बारीक, एकसारखा धावदोरा, सुती लुगड्यांचं अस्तर. इन्स्टाग्रामवर फोटो टाकले की कौतुकाचा पाऊस पडतो. पण पुढचं पाऊल टाकायचं म्हटलं की वाटतं, मी अगदी एकटी आहे.

मावशी : कौतुक करणाऱ्यांपैकी किंमत किती जणींनी विचारली?

भाची : फारच थोड्यांनी. त्यातल्या एका आत्याने तर ‘घरच्या भावात दे’ म्हटलं.

मावशी : कौतुक करणाऱ्या खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच आवडलेलं असतं. पण त्यांच्या आवडण्याने तुझं पार्सल बांधलं जात नाही आणि हिशेबही लागत नाही. मी आधार कोणाला म्हणते सांगू? ज्याच्यामुळे तुझं एखादं काम हलकं होतं किंवा एखादं नुकसान टळतं, त्याला. लिज्जत पापडाची सुरुवात ठाऊक आहे ना तुला?

भाची : सात बायकांनी गच्चीवर पापड लाटले, एवढंच.

मावशी : १९५९ च्या मार्चमधली, गिरगावातली गोष्ट. जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा मैत्रिणींनी ८० रुपये उसने घेतले आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं केली. ते पैसे छगनलाल करमशी पारेख यांनी दिले होते, सगळे त्यांना छगनबापा म्हणत. लोकांच्या लक्षात ते ८० रुपये राहतात. मला त्यांनी दिलेला सल्ला जास्त मोलाचा वाटतो. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, हलक्या प्रतीचा स्वस्तात विकायचा म्हणून. छगनबापांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा, दर्जात तडजोड करू नका, आणि हिशेब व्यापाऱ्यासारखा चोख ठेवा. त्या दिवसांत त्यांना ‘छान चाललंय’ म्हणणारेही भेटले असतील. पण धंदा उभा राहिला तो हे ऐकून.

भाची : ज्या गोधडीचे टाके जरा ढिले पडतात ती कमी भावात काढावी, असं माझ्याही मनात होतं.

मावशी : काढू नकोस. उसवून पुन्हा शिवून घे, नाहीतर घरात वापर. ऑनलाइन घेणाऱ्या बाईच्या हातात कापड नसतं, तुझ्या शब्दावर ती पैसे पाठवते. तिच्या घरी ढिल्या टाक्याची गोधडी गेली तर ‘ही स्वस्तातली होती’ हे तिथे सांगायला तू नसतेस.

भाची : पण असे छगनबापा मला कुठे भेटणार?

मावशी : एकाच माणसात सगळं सापडेल अशी आशा धरू नकोस. तुझ्या आईपासून सुरुवात कर. तिने जन्मभर गोधड्या शिवल्या, वापरल्या, नदीवर धुतल्या. प्रत्येक गोधडी पाठवण्याआधी तिच्या हातून गेली पाहिजे, आणि तिला ‘कशी झाली?’ असं विचारायचं नाही. ‘यात खोट काढ’ म्हणायचं. मुलीचं मन राखायला आई चांगलंच बोलते. खोट काढायचं काम सोपवलं की तिचा अनुभव बोलायला लागतो.

भाची : आईचं ठीक आहे गं. पण सासरे म्हणतात, गोधडी कोण विकत घेतं? घरोघरी पडल्यात. ते रोज ऐकून उमेद जाते.

मावशी : त्यांनी आयुष्यभर गोधडी विकत घेतलेली पाहिलीच नाही, त्यांना तसं वाटणारच. पुण्या-मुंबईत आता अशी कितीतरी घरं आहेत, जिथे बाळ जन्माला येतं आणि दुपटं शिवणारं कोणी नसतं. हे त्यांना वाद घालून पटायचं नाही. तू त्यांचं मत विचारणं थांबव आणि काम माग. तुझे सासरे सोसायटीचे हिशेब बघायचे ना?

भाची : वर्षानुवर्षं. अजून वही लिहायची सवय आहे त्यांना.

मावशी : मग त्यांना म्हण, मला एका गोधडीचा खर्च काढून द्या. कापड, दोरा, शिलाई, धुणं, पिशवी, कुरिअर, परत आलेल्या मालाचा भुर्दंड, शिवाय तुझे स्वतःचे तास. आकडे त्यांच्या हातचे असले की त्यांचा विरोध पुष्कळ निवळतो, आणि नाहीच निवळला तरी तुला खर्चाचा पक्का ताळा मिळतो. घरच्या माणसांनी आपल्या स्वप्नावर विश्वास ठेवावा असं सगळ्याच जणींना वाटतं, मलाही ते कळतं. पण त्या विश्वासासाठी काम अडवून ठेवू नये. पुष्कळ घरांत तो पहिले पैसे आल्यावर येतो.

भाची : आणि ज्या गोष्टी घरात कोणालाच माहीत नाहीत त्यांचं काय? इंटरनेटवर वाचते, पण वाचून गोंधळ वाढतो.

मावशी : त्याला तुझ्या थोडं पुढे असलेलं माणूस लागतं. फार पुढे गेलेल्याला सुरुवातीच्या अडचणी आठवत नाहीत, तो तत्त्वं सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी जिथे तू आज आहेस तिथे होती, अशी बाई शोध. एक उदाहरण देते. डबल बेडची गोधडी साधारण दोन किलोची धर. तू ती खोक्यात घालून पाठवलीस, खोकं ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २० उंच. कुरिअरवाला किती किलोचे पैसे घेईल?

भाची : दोन किलोचे. फार तर अडीच.

मावशी : बहुतेक खासगी कुरिअर कंपन्या आकारमानाचं वजनही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. इथे येतात ५.६ किलो. खरं वजन आणि हे वजन यात जे जास्त त्यावर बिल लागतं. तीच गोधडी घट्ट गुंडाळून, जाड पिशवीत दाबून ४० बाय ३० बाय १२ मध्ये बसवलीस तर २.८८ किलो. एका पार्सलमागे जवळजवळ तीन किलोंचा फरक. महिन्याचा नफा एवढ्यानेच जाऊ शकतो. हे ज्याने जाड कापड पाठवलंय त्याला पाठ असतं.

भाची : पण माझ्यासारखाच माल विकणारी मला हे का सांगेल? मी तिची गिऱ्हाइकं घेणार ना?

मावशी : म्हणून गोधडीवालीकडे जाऊ नकोस. सोलापुरी चादर विकणारी शोध, घोंगडी विकणारा शोध. त्यांचा मालही जाड, फुगीर, धुण्याबद्दल शंका असणारा. अडचणी त्याच, गिऱ्हाईक वेगळं. आणि हात हलवत जाऊ नकोस. तुला फोटो चांगले काढता येतात. म्हण, तुमच्या चार चादरींचे फोटो काढून देते, मला कुरिअर आणि परतीच्या मालाबद्दल सांगा. देवाणघेवाण झाली की ओळख टिकते.

भाची : परतीच्या मालाचं एवढं काय असतं?

मावशी : पार्सल हातात पडल्यावर पैसे, अशी सोय ठेवलीस की काही लोक मागवतात आणि दारात नाकारतात. ऑनलाइन विकणारे त्याला आरटीओ म्हणतात, गाडीच्या आरटीओशी त्याचा संबंध नाही. माल परत येतो, जायचं भाडं गेलेलं असतं आणि बहुधा यायचंही तुझ्याच माथी पडतं. हाताने शिवलेल्या, किमती वस्तूला सुरुवातीला पैसे आगाऊच घ्यावेत असं माझं मत आहे. विक्री थोडी कमी होईल, झोप लागेल. आणि अनुभवी विक्रेतीकडून आणखी एक कळतं. एखादा मोठी ऑर्डर देतो, स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतो, आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड धाडतो. तो कोड स्कॅन करून पिन टाकला की तुझ्याच खात्यातून पैसे जातात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. चार विक्रेत्या एकमेकींच्या संपर्कात असल्या तर असा नंबर सगळ्यांना लगेच कळतो. एकटीला तो नुकसान झाल्यावर कळतो.

भाची : सरकारी कागदपत्रांचीही भीती वाटते.

मावशी : तिथे भीतीपेक्षा गडबडीने नुकसान होतं. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. तिचे पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करायचं. जीएसटीचं तुला एवढं कळलेलं बास : नुसत्या वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला मोठ्या ऑनलाइन बाजारांवरूनही राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवाय विकता येतं, त्यासाठी फक्त एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर माल जायला लागला की नियम बदलतात. हाताने केलेल्या ठरावीक वस्तूंना तिथे सवलत आहे. इंदूर, बेळगाव, हैदराबादची मराठी घरं तुझी गिऱ्हाइकं होणारच, तेव्हा गोधडी त्या यादीत बसते का हे सीएला आधी विचार, आणि फी देऊन विचार. पैसे देऊन नेमका प्रश्न विचारणं हादेखील आधार मिळवण्याचा मार्ग आहे, आणि त्यात कोणाचं ओझं होत नाही.

भाची : मध्यंतरी एक जाहिरात आली होती. तीन दिवसांचा ऑनलाइन वर्ग, घरबसल्या लाखो कमवा, यशस्वी उद्योजिकांच्या कहाण्या. फी बरीच होती. बघून अंगात बळ आल्यासारखं वाटलं.

मावशी : ते बळ किती वेळ टिकलं?

भाची : दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच जाहिरात शोधत होते.

मावशी : अशा वर्गांचा मला राग येतो, कारण तिथे बायकांच्या खऱ्या गरजेवर पैसे कमावले जातात. फी भरण्याआधी एक विचार, हा शिकवणारा स्वतः कोणती वस्तू विकून कमावतो? वर्ग विकूनच कमावत असेल तर तुला गोधडी विकायला त्याच्याकडून काय मिळणार? आणि याच्या कितीतरी पट चांगलं शिक्षण आपल्याकडे मोफत मिळतं. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, आरसेटी म्हणतात तिला. ती बँकेतर्फे चालते, राहणं-जेवणही फुकट असतं आणि नंतर पाठपुरावाही होतो. कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिऱ्याला १९८२ साली अशी एक संस्था निघाली, तिच्या नमुन्यावर पुढे देशभर निघाल्या. तुझ्या शिवणाऱ्या तिघी बचत गटात आहेत का?

भाची : दोघी आहेत.

मावशी : मग ‘उमेद’चं, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं, जाळं त्यांच्यामार्फत तुला उघडं आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून हे काम करतं. आणि तुझ्याच जिल्ह्यात म्हसवड आहे. माणदेशी बँकेचं नाव ऐकलंयस?

भाची : नाव ऐकलंय. गोष्ट माहीत नाही.

मावशी : दुष्काळी माण तालुका. चेतना सिन्हा तिथे बायकांबरोबर काम करत होत्या. रोजंदारीवर जगणाऱ्या बायकांना थोडे थोडे पैसे साठवायचे होते आणि एवढ्या छोट्या रकमेचं खातं उघडायला कोणी तयार नव्हतं. मग बायकांनी आपलीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांमध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या होत्या. बायका घरी येऊन रडत बसल्या नाहीत, अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि सांगितलं, कोणत्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनी यंत्रावर करावं. परवाना मिळाला आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे त्यांनी ग्रामीण बायकांसाठी उद्योगाची शाळा काढली, गावोगाव जाणाऱ्या बसमधूनही ती चालते. मी ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगते. त्या बायकांना व्याज आधीपासून येत होतं, बाजारात ते रोज लागायचं. एकमेकींबरोबर गेल्या म्हणून ते बोलायचं धाडस झालं. तू त्यांच्या शाळेत जाऊन बस. तुझ्या प्रश्नावर तिथल्या बायका आपापल्या धंद्यातलं उत्तर देतील, त्यातलं निम्मं तुला थेट लागू पडेल.

भाची : कर्ज घेऊ का? मुद्रा योजनेतून ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं म्हणतात.

मावशी : शिशु गटात मिळतं. पण आत्ता नको. एकदा घेतलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यायला लागलं, आणि कापडासाठी हातात पैसे नाहीत म्हणून ऑर्डर अडली, की घे. उत्साहावर काढलेल्या कर्जांच्या फायली मी पुष्कळ पाहिल्यात. त्याआधी पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईचं महालक्ष्मी सरस अशा ठिकाणी कोणाच्या तरी स्टॉलवर कोपरा माग. ऑनलाइन विक्रीत गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही. तिथे बाई गोधडी उचलते, नाकाला लावते, उलटी करून मागचा टाका बघते, ‘मशीनमध्ये धुतली तर चालेल का?’ विचारते. तिचे शब्द तसेच टिपून आण आणि फोटोखाली त्यांचीच उत्तरं लिही.

भाची : मावशी, सगळं केलं आणि तरी आठवडाभर एकही ऑर्डर आली नाही, तर? त्या दिवसांत मन कशावर टिकवायचं?

मावशी : तुला या कामात आतून धरून ठेवणारं काय आहे, ते तू सांग.

भाची : एकीने मागे निरोप पाठवला होता. तिची आई गेली, आईच्या सुती साड्या कपाटात आहेत, त्यांची गोधडी करून द्याल का? मला इतकी भीती वाटली की मी अजून उत्तरच दिलेलं नाही. कात्री चालवायची त्या साड्यांवर!

मावशी : अगं, मला विचारशील तर तुझा धंदा इथेच आहे. नव्या कापडाच्या गोधड्या पुष्कळ जण विकतील. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी नातवावर घालायची रीतच आहे, आणि शहरात गेलेल्या लेकीकडे साड्या आहेत, शिवणारे हात नाहीत. भीती वाटली हे बरंच झालं, त्यातून नियम तयार होतील. साड्या आल्या की प्रत्येक साडीचा फोटो काढून तिला पाठवायचा. कुठे विरलीय, डाग कुठे आहे, सगळं आधी दाखवायचं. काठ कुठे घ्यायचे, पदर मधे ठेवायचा का, हे तिच्याकडून लेखी ठरवून घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही. एका घरच्या साड्या दुसऱ्या घरच्यांत मिसळू नयेत म्हणून वेगळं गाठोडं, वर नावाची चिठ्ठी. उरलेली चिंधीन् चिंधी परत पाठवायची. अर्धे पैसे आधी. आणि शिवणारीला सांगायचं की या कोणाच्या साड्या आहेत. बघ, ती टाका कसा घालते ते.

भाची : ते ऐकूनच आत काहीतरी हललं.

मावशी : मोठ्या माणसांच्या यशाच्या कहाण्या ऐकून चार घटका बरं वाटतं. पण ऑर्डर नसलेल्या आठवड्यात तुला उठवून कामाला लावेल ते हे, की कोणीतरी आपल्या आईच्या साड्या विश्वासाने तुझ्या हाती दिल्यात आणि त्या अमुक तारखेला परत द्यायच्यात. आज रात्रीच तिला उत्तर दे. उशीर झाल्याबद्दल माफी माग आणि हे नियम तिला कळव.

भाची : आणि माझ्या त्या तिघी?

मावशी : त्यांचं मुद्दाम शेवटी काढणार होते. तुझा सर्वांत मोठा आधार त्या आहेत, आणि धंदा सुरू करणाऱ्या बाईला नेमका त्यांचाच विसर पडतो. शिलाई गोधडी हातात आल्या दिवशी द्यायची, विकली गेल्यावर नाही. दर ठरवताना त्यांना समोर बसवून ठरव, किती दिवस लागले ते त्यांच्याच तोंडून ऐक. त्यांची संमती असेल तर गोधडीबरोबरच्या चिठ्ठीवर शिवणारीचं नाव लिही. सुगीत त्या रानात असतील, तेव्हा ऑर्डरची तारीख पुढची दे. गिऱ्हाईक थांबतं, कारण सांगितलं तर.

भाची : आणि तू? तू काय करशील माझ्यासाठी?

मावशी : मी दर रविवारी संध्याकाळी फोन करीन. तीन गोष्टी विचारीन : या आठवड्यात किती जणींनी किंमत विचारली, त्यातल्या किती जणींनी घेतली, आणि न घेणाऱ्यांनी कारण काय सांगितलं.

भाची : नफा नाही विचारणार?

मावशी : नफ्याची वही सासऱ्यांकडे. मला तिसरी गोष्ट सविस्तर हवी. ‘महाग वाटली’ एवढं चालायचं नाही. कशाच्या मानाने महाग, तिच्या मनात किती होते, हे विचारून ठेव.

भाची : विचारायला अवघड वाटेल गं.

मावशी : पहिल्या एक-दोघींना विचारताना वाटेल. आता म्हसवडला कधी जातेस ते सांग, आणि जाताना एक दुपटं आणि एक मोठी गोधडी बरोबर ने. तिथल्या बायका हात लावल्याशिवाय बोलायच्या नाहीत.